कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?



ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे, हे आपण सारे जाणतोच. ह्याच किल्ल्यात सन १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर होता. एतद्देशीय शिपायांवर भरवसा नको, म्हणून कंपनी सरकारने पहाऱ्याला निवडक गोरे शिपाई ठेवले. बंदोबस्त चोख होता. परंतु तेथे एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणत असे, आणि सुटकेचा सारा बेत त्या मराठी गाण्यांतून वरच्या कोठडीत पोहोचत असे. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते शब्द रोज पडत होते, पण त्यांना त्यांतले अवाक्षर कळत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटले. बिशप हेबर काही वर्षांनी ह्या भागात आला, तेव्हाही ही हकीकत लोकांच्या तोंडी होती.

त्र्यंबकजींच्या गुणदोषांची चर्चा हा आजचा विषय नव्हे. मला ह्या प्रसंगातून दोनच गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पहिली ही की, कुलपाचे बळ लोखंडात नसते. पहारा करणाऱ्याला काय कळते आणि काय कळत नाही, ह्यावर ते अवलंबून असते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. कुलपे दोन प्रकारची असतात. एक घरधनी आपल्या दाराला लावतो. दुसरे तुरुंगाधिकारी कोठडीला लावतो. धातू तोच, खटका तोच, कदाचित कारागीरही तोच. फरक एवढाच की, पहिल्या कुलपाची किल्ली आत राहणाऱ्याच्या कमरेला असते आणि दुसऱ्याची बाहेरच्याच्या. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात जो फोन आहे, त्यालाही असे एक कुलूप आहे. ते ह्या दोहोंपैकी कोणत्या जातीचे, हा मी आपल्यापुढे मांडू इच्छितो तो प्रश्न. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या भाषेचाही एक अध्याय आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. फोन म्हणजे एक लहानसा संगणक. बटण दाबल्याबरोबर त्याच्या आत जो कार्यक्रम सर्वांआधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, त्याला बूटलोडर म्हणतात. वाड्याच्या दिंडीदरवाजावरील देवडीवाल्यासारखे त्याचे काम. आत जो येईल त्याच्याजवळ कारखानदाराची मोहोर आहे की नाही, हे तो पाहतो. मोहोर असेल तर प्रवेश, नसेल तर यंत्र सुरूच होणार नाही. मोहोर ताडून पाहण्याची खूण चिपमध्येच कायमची कोरलेली असते. हे झाले कुलूपबंद बूटलोडर. दुसरा शब्द ‘रूट’. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स ह्या प्रणालीचा जन्म झाला. तिच्यात सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याला हे नाव पडले. झाडाचे जसे मूळ, तसे फायलींच्या साऱ्या विस्ताराचे हे मूळ. तेथे ज्याचा हात पोहोचला तो त्या यंत्राचा धनी. ॲण्ड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, आणि लिनक्सची घडण युनिक्सच्या धर्तीची. म्हणून ॲण्ड्रॉइड फोनातही हे मूळ आहे. मात्र विकत घेणाऱ्याला ते दिले जात नाही. तो आपल्या फोनात कुळासारखा राहतो. सामान मांडावे, हलवावे. भिंतीला खिळा मारावयाचा झाल्यास मालकाला विचारावे. हा अधिकार मिळवण्याच्या क्रियेस ‘फोन रूट करणे’ असे म्हणतात.

आपल्याकडे कुलपाचा हा तंटा ॲण्ड्रॉइडच्या आधीच सुरू झाला. भारतात पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला, त्या वेळी फोन ही श्रीमंतांची चीज होती. ती सामान्यांच्या हाती आली २००२-०३ च्या सुमारास, रिलायन्स इन्फोकॉमच्या सीडीएमए फोनांमुळे. ह्या उद्योगाचे केंद्र त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, कोपरखैरण्यास होते. दहा हजार पाचशे रुपये किमतीचा संच आरंभी तीन हजार तीनशे पन्नास रुपये भरून घरी नेता येई. बाकी रक्कम महिन्यामहिन्याने तीन वर्षे फेडावयाची. ह्या सवलतीची अट अशी की, संच त्याच कंपनीच्या सेवेवर चालेल. तशी तांत्रिक व्यवस्थाच त्यात केलेली होती. प्रत्येक संचात एक बत्तीस बिटांचा क्रमांक असे, त्यावरून सेवा देणारी कंपनी तो ओळखी. लवकरच हा क्रमांक बदलून संच प्रतिस्पर्धी कंपनीच्या सेवेवर चालवण्याचे प्रकार घडले आणि प्रकरण आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात गेले. २००५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मोबाईल फोन हा कायद्याच्या दृष्टीने संगणक आहे आणि त्यातील तो क्रमांक बदलणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६५ व्या कलमाखाली अपराध ठरू शकतो. फसवणूक आणि विश्वासघात ह्यांचे आरोप मात्र न्यायालयाने रद्द केले. माझ्या मते, ह्या निकालाने एक गोष्ट अप्रत्यक्षपणे सांगितली: खिशातली ही वस्तू केवळ दूरध्वनी राहिलेली नाही. ती संगणक असेल, तर संगणकाच्या मालकाचे जे हक्क, ते ह्या मालकाला का नसावेत, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

तरीही त्या कुलपाला निदान एक कारण होते. संच निम्म्याहून कमी पैशांत घरी आला होता. उधारी फिटेपर्यंत सावकाराने किल्ली ठेवली, तर त्यात नवल काय? पुढचे कुलूप आले ते पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूवर.

गूगलने ॲण्ड्रॉइडची घोषणा नोव्हेंबर २००७ मध्ये केली आणि एचटीसी कंपनीने बनवलेला पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्याच्या पहिल्या कुलपाची कथा ठाण्याच्या मोतद्दाराइतकीच गमतीची आहे. काही दिवसांतच लोकांच्या ध्यानी आले की, फोनवर जे जे टंकावे ते पडद्याआड एका अदृश्य आज्ञापालाच्या कानावरही जात आहे, आणि हा आज्ञापाल सर्वाधिकारी, म्हणजे रूटच आहे. कोणी संभाषणात ‘रीबूट’ हा शब्द इंग्रजीत टंकून पाठवला आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला! चाचणीच्या काळातली एक जोडणी कारखान्यात तशीच राहून गेली होती. चूक लगोलग दुरुस्त झाली. परंतु तोवर कुतूहलाच्या मुलखात बातमी पोहोचली होती. ज्यांनी रूट मिळवले, त्यांनी स्वतःच्या आवृत्त्या घडवावयास प्रारंभ केला. त्यांतील सायनोजेनमॉड ही २००९ पासून सर्वांत नावारूपास आली.

आता आपला अध्याय. २००९ साली ॲण्ड्रॉइड फोन भारतात येऊ लागले, तेव्हा त्यांतील पुष्कळांना देवनागरी येत नव्हती. मुलीने परगावाहून मराठीत निरोप पाठवावा आणि आईच्या पडद्यावर चौकोनांची रांग उमटावी, अशी स्थिती. चौकोन म्हणजे यंत्राची कबुली: ‘येथे एक अक्षर आहे, ते मला वाचता येत नाही.’ ठाण्याच्या त्या गोऱ्या पहारेकऱ्यांपेक्षा हे वेगळे काय? काही कंपन्यांनी आपापल्या फोनांत सोय केली. ऑपेरा मिनी ह्या ब्राउझरात अक्षरांची चित्रे करून दाखवण्याची एक दडलेली खुंटी होती, तिने जालावरील मजकूर वाचता येई. पण निरोप, नावे, पत्ते ह्यांचे काय? त्यांसाठी फोनच्या मूळ फायलींत देवनागरीचा टंक नेऊन ठेवणे हाच मार्ग, आणि तेथे हात घालण्यास रूट हवे. म्हणजे मराठी माणसाने मराठी वाचण्यासाठी आपल्याच फोनचे कुलूप काढावयाचे! टंक बसवूनही काम अर्धेच होई. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न लागता मागे लागे, जोडाक्षरांचे पाय मोडके राहत. कारण अक्षरे जुळवण्याची विद्या प्रणालीत खोलवर असावी लागते. ती २०११ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून येऊ लागली. फोनची स्वतःची भाषा म्हणून मराठी निवडण्याची सोय मूळ ॲण्ड्रॉइडमध्ये २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत झाली. मधल्या वर्षांत ज्यांनी मोडकीतोडकी का होईना, मराठी आपल्या पडद्यावर आणली, त्यांना मी कुलूपफोडे म्हणावयास तयार नाही.

ह्याचा दाखला आपल्याच मुद्रणाच्या इतिहासात आहे. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालत असे. गणपत कृष्णाजी नावाच्या गृहस्थाने तो पाहिला आणि आपल्या लोकांसाठी आपण छापावे अशी ईर्षा धरली. शिळाप्रेसची कृती त्यांनी पाहून पाहून साधली, दगड शोधले, शाई स्वतः बनवली आणि १८३१ साली छापील पंचांग काढले. पुढे मराठी अक्षरांचे खिळेही पाडले. त्याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात राबलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागरच्या टंकाने देवनागरीला नवे रूप दिले. ह्या माणसांना यंत्र पाहावयास मिळाले, उघडावयास मिळाले, त्यात आपले अक्षर बसवून पाहता आले, म्हणून मराठी मुद्रण उभे राहिले. छापखान्याच्या यंत्रावर जर अशी मोहोर असती की, कारखानदाराने दिलेल्या खिळ्यांखेरीज दुसरा खिळा लावल्यास दट्ट्या खाली येणार नाही, तर? कल्पना करावयाची गरज नाही. आजचा कुलूपबंद बूटलोडर नेमके तेच सांगतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदली पाहिजे. ॲण्ड्रॉइडचा लिनक्स गाभा ज्या परवान्याखाली वाटला जातो, त्याप्रमाणे कारखानदाराला त्याची मूळ संहिता ग्राहकास द्यावी लागते. ती वाचावी, बदलावी, इतरांस द्यावी, सारे खुले. परंतु बदललेली संहिता त्याच यंत्रावर चालेल, अशी हमी त्या परवान्यात नाही. अमेरिकेतील टिव्हो नावाच्या दूरचित्रमुद्रण यंत्राने ही फट प्रथम गाजवली: संहिता दिली, मोहोर स्वतःजवळ ठेवली. ती बुजवण्यासाठी २००७ साली परवान्याची तिसरी आवृत्ती आली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. परिणाम असा की, घराचा नकाशा ग्राहकाच्या हाती आहे आणि दाराची किल्ली कारखान्यात.

पुढील वर्षांत कंपन्यांचे धोरण हेलकावे खात राहिले. गूगलने जानेवारी २०१० मध्ये स्वतःचा नेक्सस वन काढला, त्याचे कुलूप एका आज्ञेने उघडत असे. त्याआधी हमी संपल्याचा इशारा पडद्यावर येई, इतकेच. उलट मोटोरोलाने त्याच सुमारास आपल्या फोनांना भक्कम कुलपे घातली. मे २०११ मध्ये ग्राहकांचा ओरडा ऐकून एचटीसीने बूटलोडर खुले करण्याचे जाहीर केले. शाओमीने २०१६ पासून कुलूप उघडण्यापूर्वी अर्ज आणि प्रतीक्षा लावली. हुआवेने २०१८ साली किल्ल्या देणेच बंद केले. भारतातही एक लक्षणीय प्रसंग घडला. डिसेंबर २०१४ मध्ये सायनोजेनची आवृत्ती भारतात कोणाच्या फोनवर चालावी, ह्यावरून मायक्रोमॅक्सने वनप्लसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. १६ डिसेंबरला मनाई झाली आणि २४ डिसेंबरला खंडपीठाने ती उठवली. जी चळवळ कुलूप काढण्यासाठी जन्मली, तिच्याच नावाच्या अनन्य हक्कासाठी दोन व्यापारी भांडले! २०१६ च्या अखेरीस ती कंपनीच मिटली. स्वयंसेवकांनी मात्र लिनेजओएस ह्या नावाने काम पुढे चालू ठेवले.

कुलूप उघडण्याची रीतसर कृती अवघड नाही. जेथे कंपनीची संमती आहे, तेथे फोनच्या सेटिंगमधील विकासकांचा दडलेला विभाग जागा करावा, कुलूप उघडण्यास मुभा द्यावी, फोन तारेने संगणकास जोडून ठरलेली आज्ञा धाडावी. तत्क्षणी फोनातील सारा मजकूर पुसला जातो. पुष्कळांना हा जुलूम वाटतो. पण तो हेतुपूर्वक केलेला आहे. तसे नसते, तर लोकलच्या गर्दीत फोन मारणाऱ्याने कुलूप उघडून आपली छायाचित्रे आणि पत्रे वाचली असती. जेथे संमती नाही, तेथे लोक प्रणालीतील एखादी चूक शोधून आत शिरतात; आणि जी चूक मालकाला आत घेते, तीच चोरालाही घेते. हात चुकला तर यंत्र सुरूच होत नाही. ‘फोनची वीट झाली’, असे आपली मुले म्हणतात, आणि ह्या विटेवर कोणी विठ्ठल उभा राहत नाही.

तेव्हा दुसरी बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. २०१६ साली यूपीआय आले आणि फोन ही तिजोरी झाली. डोंबिवलीच्या फडके रोडवर भाजीची जुडी घेतानाही आपण फोनच पुढे करतो. अशा वेळी देवडीवर कडक पहारा हवा, हे कोण नाकारील? फोन रूट असेल तर बँकांची अनेक ॲप चालण्यास नकार देतात, त्यामागे ही भीती आहे. सर्वाधिकार मालकाला मिळाला, तर मालकाला फसवून आत शिरलेल्या लबाडालाही तो मिळतो. वृद्धांना दूरध्वनीवरून फसवून नाना ॲप बसवावयास लावणाऱ्यांच्या कथा आपण रोज वाचतो. म्हणून सर्वांनी उठून आपापले फोन रूट करावेत, असे मी मुळीच सांगत नाही. ज्याला ह्यातले कळत नाही, त्याने कुलूप आहे तसेच ठेवावे, हा माझाही सल्ला आहे.

पण ह्यावरून किल्ली कारखान्यात असावी, हे सिद्ध होते काय? घराला कुलूप हवे म्हणून किल्ली बांधकाम कंत्राटदाराजवळ ठेवा, असे कोणी म्हणत नाही. बूटलोडर उघडून, आपल्या पसंतीची प्रणाली बसवून, आपल्या मोहोरेने तो पुन्हा बंद करण्याची सोय गूगलच्या पिक्सेल फोनांत आहे. म्हणजे पहारा आणि मालकी एकत्र नांदू शकतात, हे करून दाखवलेले आहे. उरतो तो इच्छेचा प्रश्न.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो? अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने सांकेतिक कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरवला. मग अपवाद मागत बसण्याची पाळी आली. २०१० मध्ये फोनला अपवाद मिळाला, २०१२ मध्ये टॅबलेटला नाकारला, २०१५ मध्ये तोही मिळाला. तीच पाटी, तेच कुलूप. पडदा चार अंगुळे मोठा एवढ्यावरून एक कृत्य तीन वर्षे संशयास्पद राहिले! आपल्या संसदेने अधिक शहाणपण दाखवले. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ६५-अ हे कलम आले. त्यात कुलूप तोडणे गुन्हा आहे ते प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने केल्यास. हेतू निषिद्ध नसेल, तर कलमाची आडकाठी नाही. फोनचा ओळखक्रमांक, ज्याला आयएमईआय म्हणतात, तो बदलणे मात्र स्वतंत्रपणे निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. घराची किल्ली मागणे वेगळे आणि घराचा नंबर खोडणे वेगळे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने ॲण्ड्रॉइडमधील वर्चस्वाच्या दुरुपयोगाबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश वगळले, परंतु दंड कायम ठेवला. २०२२ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली. मात्र बूटलोडरची किल्ली ग्राहकाला द्यावी, असा स्पष्ट नियम अजून आपल्याकडे नाही.

श्रोतेहो, दुरुस्ती हा आपल्या भागाचा जुना धर्म आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडली. १९४९ मध्ये त्या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. तेथील मालावरच्या ‘यू.एस.ए.’ ह्या अक्षरांवरून आपण पुष्कळ हसलो. पण घरदार गमावलेल्या माणसांनी परक्यांची वस्तू उघडली, जोडली, पुन्हा बनवली आणि त्यावर संसार उभे केले, हे त्या हसण्यात आपण विसरतो. आज स्टेशनाचा जिना उतरताच हातभर टपरीत बसून फोनचा पडदा बदलणारा तरुण त्याच कुळीचा आहे. त्याला काच बदलता येते, बॅटरी बदलता येते; परंतु कंपनीने नवी आवृत्ती देणे थांबवले की, सुस्थितीतील यंत्रापुढेही तो हात टेकतो. तेथे त्याचे कसब कमी पडत नाही, किल्ली कमी पडते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. तेथील जुने पुस्तक खिळखिळे झाले की, बांधणाऱ्याकडे जाते आणि पुन्हा फळीवर येते. प्रकाशक हयात आहे की नाही, त्याची संमती आहे की नाही, असे कोणी विचारत नाही. विकत घेतले, आपले झाले. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आज उघडते. आणि शाळेतल्या मुलांसाठी दहा वर्षांपूर्वी घेतलेला टॅबलेट? त्याचा पडदा उजळतो, बॅटरी चालते, पण नवे ॲप ते यंत्र स्वीकारत नाही आणि जुन्या प्रणालीच्या जागी दुसरी बसवू देत नाही. ते कपाटात पडते आणि एके दिवशी भंगारात जाते.

म्हणून मागणी फार थोडी आहे. कंपनी जोवर यंत्राची राखण करते, तोवर पहारा तिचा असू द्या. ज्या दिवशी ती राखण सोडील, त्या दिवशी किल्ली मालकाच्या हाती द्यावी; आणि विकतानाच, ती किल्ली कधी व कशी मिळेल, हे खोक्यावर मराठीत छापावे. ग्राहक पंचायतींनी, वाचनालयांनी, शाळांनी ही मागणी लावून धरली, तर ती अशक्य नाही. तोवर निदान दुकानात फोन हातात घेताना किंमत आणि कॅमेरा विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न अवश्य विचारा: ह्याचे कुलूप उघडते काय? विक्रेता पहिल्या वेळी गोंधळेल. शंभरांनी विचारले, तर तो कंपनीला विचारील.